‘दीवार’नं जात चोरली

‘दीवार’ हा आपला सिनेमा आहे आणि ‘दीवार’ हा आपल्याविरुद्धचाही सिनेमा आहे. दोन्ही खरं. यातलं एकच खरं मानणारी दोन टोळकी आपल्यात आहेत. एका टोळक्याला विजय वर्मा म्हणजे देव. डायलॉग तोंडपाठ, मोबाईलच्या स्टेटसला ७८६ चा बिल्ला. दुसरं टोळकं पुस्तकं वाचलेलं. ते नाक मुरडून म्हणतं, धंदेवाईक हिंदी सिनेमा तो, अफूची गोळी, त्याच्यावर शाई कशाला नासवता? मला दोघांशीही भांडायचंय. ज्या सिनेमानं आपल्या दोन-तीन पिढ्यांना चालायला, बघायला, खांदा पाडून उभं राहायला शिकवलं, त्याच्याकडं पाठ फिरवणं म्हणजे आपल्याच पोरांकडं पाठ फिरवणं. आणि त्याला डोक्यावर घेऊन नाचणं म्हणजे आपलीच फसवणूक साजरी करणं.

आधी हिशेब मांडू. ‘दीवार’ लागला २४ जानेवारी १९७५ ला. दिग्दर्शक यश चोप्रा, लेखक सलीम-जावेद. त्याआधी हिंदीत गुन्हेगार नायक नव्हता असं नाही. १९४३ च्या ‘किस्मत’मधला अशोककुमार पाकीटमार होता, पण शेवटी तो निघतो श्रीमंत बापाचा हरवलेला पोरगा. म्हणजे रक्त चांगलंच होतं, वाट चुकली एवढंच! १९५१ च्या ‘बाजी’त देव आनंद बहिणीच्या आजारपणापायी जुगाराच्या अड्ड्यात शिरतो. १९६१ च्या ‘गंगा जमना’त एक भाऊ डाकू, दुसरा पोलीस, पण ते सगळं खेड्यातलं. ‘दीवार’नं ती दोन भावांची गोष्ट उचलली आणि मुंबईच्या गोदीत आणून आपटली. पुढं ‘नायकन’ (१९८७), ‘परिंदा’ (१९८९), ‘सत्या’ (१९९८) अशी टोळीवाल्या सिनेमांची रांग लागली. त्या रांगेच्या तोंडाशी हा उभा आहे. म्हणून त्याचं बरं आणि वाईट दोन्ही नीट तपासायला हवं. त्याचे दोष पुढच्यांनी वारशासारखे घेतलेत.

हे मी लिहितोय तुंगार्लीतून. लोणावळ्याची तुंगार्ली. मुंबईची माणसं शनिवार-रविवार थंड हवा खायला येतात, त्यांचे बंगले इथं. बंगला एकाचा, राखणारा दुसरा, बाग शिंपणारा तिसरा, संडास धुणारी चौथी. आणि तो बंगला उभा राहताना घमेलं डोक्यावर घेऊन फळीवरून चढलेली बाई पाचवी, जिचं नाव कुठल्या पाटीवर नसतं. आमच्या घरातल्या बायांनी ती घमेली वाहिलीत. मावळचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. १९१५ पासून इथल्या धरणांचं पाणी घाटाखाली खोपोलीत उतरवून टाटांनी वीज केली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. पाणी इथलं, उजेड तिथं. त्यामुळं ‘दीवार’मधली आई बांधकामावर विटा वाहते तेव्हा आमच्याकडं कुणी रुमाल काढत नाही. आमच्याकडं बाया म्हणतात, हिला चुंबळ नीट बांधता येत नाही.

आता बरं काय ते सांगतो.

पहिली गोष्ट, हा सिनेमा गुन्ह्याचं मूळ अपमानात बघतो. नुसत्या गरिबीत नाही. गरीब तर कोट्यवधी असतात, सगळे सोनं उतरवायला जात नाहीत. बाप खाणीतल्या कामगारांचा पुढारी. मालक बायकापोरांना पळवून नेतो आणि मागण्या सोडून देणाऱ्या कागदावर त्याची सही घेतो. बाप मोडतो, गाव सोडून परागंदा होतो. मागं राहिलेल्या पोराला लोक धरतात आणि त्याच्या हातावर गोंदतात की याचा बाप चोर आहे. पोरगा मोठा होतो, सूट घालतो, गाडीतून फिरतो, पण बाहीखालचं गोंदण जात नाही. दोस्तहो, जन्माच्या आधारावर माणसाच्या कातडीवर कायमचा शिक्का मारायचा, तो पैशानं पुसला जात नाही, शिक्षणानं झाकला तरी शर्टाच्या आत जळत राहतो, हे कुणाचं चरित्र आहे? सलीम-जावेदना ते ठाऊक होतं का, मला माहीत नाही, त्याची गरजही नाही. पडद्यावर ते आलंय आणि थेटरातल्या पोरांनी ते बरोबर ओळखलं.

दुसरी गोष्ट, फेकलेलं नाणं. बूट पॉलिश करणारा पोरगा गिऱ्हाईकाला सांगतो की पैसे फेकायचे नाहीत, हातात द्यायचे. साधी गोष्ट. पण ज्यांच्या आजा-पणज्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, ज्यांच्या आज्यांना भाकरी वरून टाकली जायची, त्यांच्यासाठी हातात देणे या दोन शब्दांचा अर्थ वेगळा आहे. एवढ्या एका मागणीत आख्खी चळवळ बसते. मजुरी पाहिजेच, पण ती माणसाला देतात तशी दिली पाहिजे.

तिसरी गोष्ट, गोदीतला हप्ता. सामंतचे गुंड हमालांच्या पगारातून दर आठवड्याला वाटा कापतात. एक नवा पोरगा नाही म्हणतो आणि जिवानिशी जातो. तेव्हा विजय म्हाताऱ्या रहीमचाचाला सांगतो की पुढच्या आठवड्याला आणखी एक हमाल नाही म्हणणार आहे. मग गोदामात तो गुंडांची वाट बघत पाय वर टाकून बसतो. ही मारामारी मी किती वेळा बघितली याची मोजदाद नाही. तो एकटा पोरगा तिथं कुठल्याही पोरीसाठी किंवा खजिन्यासाठी भांडत नाही. तो भांडतो मजुरीच्या पैशासाठी. हिंदी सिनेमात हे रोज घडत नाही.

चौथी गोष्ट, देवळाची पायरी. आई आणि भाऊ आत जातात, हा बाहेर पायरीवर बसून राहतो. आपल्याला ती पायरी ठाऊक आहे. २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, काही वर्षं चालला, आपल्या माणसांनी दगड खाल्ले, दार उघडलं नाही. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी त्या धर्माकडंच पाठ केली. विजय वर्मा आपल्या मर्जीनं पायरीवर बसतो, आपल्याला तिथं अडवलं होतं. फरक मोठा आहे. तरीही देवाला न भिणारा, हात न जोडणारा मजुराचा पोरगा नायक म्हणून उभा केला, याचे गुण द्यायलाच हवेत.

एवढं देऊन झालं. आता दुसरी बाजू.

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ ला आला. त्याच नावाच्या कथेतला माणूस रेल्वेत नोकरीला लागतो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. ती एका माणसाची अगतिकता होती. ‘दीवार’मध्ये आख्ख्या सिनेमानं जात चोरलीय. गोंदण आपलं, पायरी आपली, फेकलेला पैसा आपला, घमेलं आपल्या बायांचं, आणि आडनाव वर्मा! अपमानाचा सगळा ऐवज आपल्या घरातून उचलला आणि ज्याच्या अंगावर तो चढवला त्याची जात विचारायची सोयच ठेवली नाही. कुणी म्हणेल, बरंच झालं, त्यामुळं तो सगळ्यांचा झाला. हो, झाला. पण सगळ्यांचा झाला म्हणजे कुणाचाच राहिला नाही. तुंगार्लीतल्या बंगल्यात सोफ्यावर पाय ताणून बसलेला शेठही विजयसाठी टाळ्या वाजवतो आणि त्याच वेळी वॉचमनला चहा वेगळ्या कपात देतो. जात सांगितली असती तर त्याचा एक हात तरी वर जाता जाता थांबला असता.

वर्तमानपत्रवाले लिहीत आले की तरुणांचा संताप अमिताभनं दाखवला. साफ उलटं आहे. १९७२ ला पँथर निघाली. त्याच वर्षी ‘गोलपिठा’ आला, ज्यात याच मुंबईच्या पोटातलं जग होतं आणि ते तिथं राहिलेल्या माणसानं लिहिलं होतं. १९७४ च्या जानेवारीत वरळी पेटली. बीडीडी चाळीत पोलीस घुसले. १० जानेवारीच्या मोर्च्यावर इमारतीवरून दगड आला आणि भागवत जाधव मारला गेला. ‘दीवार’ लागला तो त्यानंतर एका वर्षानं. संताप रस्त्यावर होता. पडद्यानं तो उचलला, धुतला, इस्त्री केला आणि आपल्यालाच तिकीट लावून विकला.

दुसरं दुखणं मालकाचं. सुरुवातीला सगळ्या अनर्थाचं मूळ कोण? खाणमालक. बायकापोरं पळवणारा, संप मोडणारा, एका कुटुंबाची राख करणारा. पुढं अडीच-तीन तासांत त्याचा हिशेब कुणी मागतो? बाप बेवारस मरतो. पोरगा तस्कर होतो. भाऊ पोलीस होतो. भाऊ भावाला मारतो. आणि मालक? तो सिनेमातून कधी निसटला हे आपल्या लक्षातही येत नाही. त्याच्या जागी वाईट कोण ठरतं? गोंदणारे कामगार! पोराच्या हातावर सुई चालवणारे हात मजुरांचे दाखवलेत. म्हणजे जुलूम मालकाचा आणि डाग कामगारांनी लावला. वा रे लेखणी!

हा सिनेमा कुठल्या वेळी आला ते बघा. ८ मे १९७४ ला देशभरच्या रेल्वे कामगारांनी संप केला, जॉर्ज फर्नांडिस पुढारी. हजारोंना आत टाकलं, नोकऱ्या गेल्या, क्वार्टरमधून बायकापोरं बाहेर काढली. वीस दिवसांत संप मोडला. लोणावळा हे रेल्वेचं गाव, इथं हे सांगायला पुस्तक लागत नाही. आठ महिन्यांनी ‘दीवार’ आला, त्यानंतर पाच महिन्यांनी आणीबाणी. मोडलेल्या संपाचा बाप आणि त्याचा जळणारा पोरगा, हे त्या वर्षाचं सर्वात खरं चित्र होतं. पण त्या पोराला सिनेमानं कुठं नेलं? गोदीत गुंडांना लोळवल्यावर बाकीचे हमाल कुठं गेले? त्यांनी युनियन केली का? पुढच्या आठवड्याचा हप्ता बंद झाला का? सिनेमाला त्यात रस नाही. विजयला डावर उचलतो, सामंतविरुद्ध वापरतो. एका टोळीचा माणूस दुसऱ्या टोळीवर सोडला, आणि गोदीतला हमाल जिथं होता तिथंच पाठीवर पोतं घेऊन उभा. संघटनेनं केलेलं बंड बापाबरोबर मेलं, आता एकट्याचंच बंड चालेल, हा या सिनेमाचा खरा उपदेश आहे. तो सरकारला, मालकाला, सगळ्यांनाच परवडणारा उपदेश आहे.

तिसरं दुखणं भाकरीचं. इन्स्पेक्टर रवी पळणाऱ्या एका पोराला गोळी घालतो. जवळ जाऊन बघतो तर पोरानं पाव चोरलेले. खायला घेऊन तो त्याच्या घरी जातो. पोराची आई त्याच्यावर तुटून पडते, साठेबाजांना का धरत नाहीस म्हणते. हा आवाज खरा होता. १९७२-७३ चा दुष्काळ, मुंबईत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बाया, महागाईविरोधी मोर्चे, तिथून तो आवाज आलाय. पण लगेच पोराचा बाप, निवृत्त मास्तर, बायकोला गप्प करतो आणि चोरी ती चोरीच म्हणून पोलिसाची पाठ थोपटतो. मास्तर भला माणूस, म्हणून तर त्याच्या तोंडी हे घातलं. उपाशी पोराच्या बापाकडून गोळीला आशीर्वाद! यापेक्षा सफाईनं पोलिसी राज्याची वकिली कुणी केली असेल असं मला वाटत नाही. हा आजार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९३२ साली ‘स्कारफेस’ आला तेव्हा सेन्सॉरच्या धाकानं त्याच्या नावाला राष्ट्राची लाज असं शेपूट जोडावं लागलं. गुंडाचा रुबाब दाखवून पैसा कमवायचा आणि शेवटी कायद्याच्या पायावर डोकं ठेवायचं, ही या जातीच्या सिनेमाची जन्मापासूनची खोड आहे. ‘दीवार’मध्ये तर आईच रवीच्या हातात बंदूक देते. राज्यसंस्थेला यापेक्षा सोयीची आई मिळणार नाही. लग्न ठरवून बसलेल्या अनिताला लेखक आधीच मारून टाकतात. म्हणजे बाईनं एक तर न्यायदेवता व्हायचं, नाहीतर मढं व्हायचं.

आणि मरायला विजयला कुठं आणलं? देवळात. ज्या पायरीवरून तो आत गेला नाही, तिथूनच आधी त्याला देवाशी भांडायला आत ओढला आणि शेवटी तिथंच आईच्या मांडीवर निजवला. नास्तिकाची घरवापसी! फिल्मफेअरनं शशी कपूरला सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस दिलं. बक्षीस वर्दीला गेलं. पब्लिकनं मात्र रवीचा फोटो कुठल्या पानटपरीवर लावला नाही, त्यातच काय ते समजा.

आता तो सीन, ज्याच्यावरून आमच्या तुंगार्लीत सर्वात जास्त वाद होतो. विजय एक इमारत विकत घेतो. विकणारा शेठ हसतो की तुला सौदा करता येत नाही, जास्त पैसे दिलेस. विजय सांगतो की तू मागशील तेवढे दिले असते, कारण ही बांधताना माझ्या आईनं इथं विटा वाहिल्यात. माझ्याही अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पोरं म्हणतात, भाई, हाच बदला. मी म्हणतो, उद्या सकाळी त्या इमारतीचा जिना कोण झाडणार? शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत चढतेय, तिथं घमेलं कोण वाहतंय? मालक बदलला, घमेलं तिथंच आहे. एक आई खाली उतरली, दुसरी फळीवर चढली. आपला सगळा जाळ शेवटी खरेदीखतात विझवायचा, हीच या सिनेमाची खरी भिंत आहे. आज मावळात जमिनीचे दलाल झालेली, गळ्यात साखळी आणि गाडीच्या काचेवर ‘भाई’ लिहिणारी आमची पोरं हाच सीन जगतायत. कुणाच्या तरी प्लॉटचं कुंपण राखायला दंडुका घेऊन उभी राहतात आणि त्यांना वाटतं आपण विजय झालो. अरे, तुम्ही विजय नाही, तुम्ही सामंतचे हप्ता गोळा करणारे!

शेजारच्या मुळशीवर २०१८ ला ‘मुळशी पॅटर्न’ आला. जमीन विकली गेली की शेतकऱ्याचा पोरगा टोळीत कसा जातो, हे त्यानं रोखठोक दाखवलं. ‘दीवार’पेक्षा तो जमिनीच्या जवळ आहे. पण त्याचंही रडणं सातबारा गेल्याचं. ज्यांच्या नावावर सातबारा कधी नव्हताच, त्यांनी कुठल्या पॅटर्नमध्ये बसायचं?

‘दीवार’चा विजय हाजी मस्तानवरून बेतला असं तेव्हापासून बोललं जातं. मस्तानही मुंबईच्या गोदीत हमाली केलेला. आणीबाणीत तुरुंगात गेला. बाहेर आल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, त्यानं लाँग मार्चवाले प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्यासोबत दलित-मुस्लिमांचा सुरक्षा महासंघ काढला. तस्कराच्या पैशावर चळवळ उभी राहत नसते, राहिलीही नाही, निवडणुकीत फार काही हाती लागलं नाही. मस्तान १९९४ ला वारला. त्याची आरती ओवाळायची गरज नाही. पण एवढं ध्यानात घ्या की खऱ्या गोदीतल्या माणसाला जे सुचलं, ते पडद्यावरच्या विजयला सुचलं नाही. त्याच्या खिशात रहीमचाचाचा ७८६ चा बिल्ला होता. हमालाचा बिल्ला, मुसलमानाचा बिल्ला. त्यातून भाईचारा निघू शकत होता, युनियन निघू शकत होती. सिनेमानं त्याचा ताईत केला, गोळी अडवणारा.

मग यातून वाट नाही का? आहे, आणि ती आपल्याच माणसांनी काढलीय. ‘दीवार’ तमिळमध्ये १९८१ ला ‘ती’ म्हणून झाला, नायक रजनीकांत. त्याच रजनीला २०१८ ला पा. रंजितनं धारावीचा ‘काला’ केला. भाईगिरी तीच, काळा कपडा, काळा चष्मा. पण तिथं भांडण जमिनीचं आहे, भिंतीवर बाबासाहेब-बुद्ध आहेत, आणि हाणामारीपेक्षा मोठं हत्यार आहे ते काम बंद करणं. मुंबई झाडणारे, मुंबई चालवणारे हात थांबतात. आणि अमिताभ? २०२२ ला नागराज मंजुळेनं त्याला ‘झुंड’मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीत आणला. नाव पुन्हा विजयच. पण आता तो एकटा हिरो नाही, पोरांना गोळा करणारा मास्तर आहे, आणि झोपडपट्टी आणि कॉलेज यांच्यामध्ये एक खरीखुरी भिंत आहे. भीमजयंती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या फोटोपुढं विजय उभा आहे. सत्तेचाळीस वर्षं लागली त्या चेहऱ्याला त्या फोटोपर्यंत पोचायला. जात चोरणाऱ्यांनी ते केलं नाही, जात सांगणाऱ्यांनी केलं.

म्हणून नाक मुरडणाऱ्यांना माझं सांगणं, ‘दीवार’ टाकून देऊ नका. त्यात आपला चोरीला गेलेला माल आहे, तो ओळखून परत घ्यायचाय. आणि स्टेटस लावणाऱ्या पोरांनो, तुम्हीही बघा, शिट्ट्या मारा, गोदामातल्या मारामारीला मीही मारीन. फक्त एकट्यानं मोबाईलवर बघू नका. वस्तीतल्या पोरापोरींना, घमेलं वाहणाऱ्या बायांना बोलवा, चादर बांधा, मिळून बघा. आणि मालक पडद्यावरून दिसेनासा झाला की तिथंच सिनेमा थांबवून सगळ्यांना विचारा, हा गेला कुठं?